शिवनेरी: आधी लेणी, मग गड. वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिवनेरीला जाणारे बहुतेक लोक सात दरवाजे चढतात, शिवाईला हात जोडतात, जन्मस्थानापुढे माथा टेकतात आणि उतरतात. दर्शन म्हणून ते पुरे आहे. पण गड याच डोंगरावर का झाला, याचे उत्तर कड्याच्या पोटात कोरलेल्या लेण्यांत आणि टाक्यांत आहे, आणि तिकडे फारच थोडे पाय वळतात. खालचे बहुतेक प्रश्न त्यासंबंधीचे आहेत. शेवटी गडावर जाणाऱ्यांना लागणारी व्यावहारिक माहिती दिली आहे.

शिवनेरी नक्की कोणी बांधला?

एका नावात हे उत्तर बसत नाही. डोंगरातले सर्वात जुने मानवी काम बौद्ध भिक्खूसंघासाठी झाले. जुन्नर परिसरातली लेणी इ.स. पूर्व पहिल्या शतकापासून इ.स. तिसऱ्या शतकापर्यंत कोरली गेली आणि शिवनेरीची लेणी त्याच काळातली आहेत. डोंगराला किल्ल्याचे रूप यादवांच्या काळात आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आज दिसणारे दरवाजे, तटबंदी, अंबरखाना (धान्याचे कोठार), मशीद, हमामखाना (स्नानगृह) हे सारे त्यानंतरचे, म्हणजे बहमनी, निजामशाही, मोगल आणि मराठे यांच्या हातून वेगवेगळ्या वेळी झालेले काम आहे. ‘सातवाहनांनी किल्ला बांधला’ असे फलकांवर आणि व्हिडिओंत सर्रास आढळते. सातवाहनांच्या काळात इथे लेणी कोरली गेली, एवढेच खात्रीने म्हणता येते.

म्हणजे लेणी फोडून किल्ला केला का?

तसा कोणताही पुरावा डोंगरावर दिसत नाही. शेवटची लेणी कोरली गेल्यापासून किल्ला उभा राहीपर्यंत कित्येक शतके लोटली होती. किल्लेदारांच्या हाती आले ते तयार खोदकाम: कातळातल्या खोल्या, पायऱ्या आणि सर्वात मोलाचे म्हणजे पाणी. त्यांनी ते वापरले. कुठे चौकी बसवली, कुठे सामान ठेवले, कुठे देवी स्थापली.

भिक्खूंनी हाच डोंगर का निवडला?

व्यापारी वाटेमुळे. कल्याण आणि सोपारा या बंदरांतून माल घाटावर यायचा तो नाणेघाटाने. घाट चढून आलेला तांडा पठारावर पहिल्या मोठ्या पेठेत पोचायचा, ती पेठ जुन्नर. नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे आणि घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आजही उभा आहे. संघाला भिक्षेसाठी आणि दानासाठी गाव जवळ हवे, पण वस्तीचा गोंगाट नको. जुन्नरच्या भोवतीचे डोंगर या दोन्ही गोष्टी देतात. म्हणूनच लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि शिवनेरी हे चारही लेणीसमूह शहरापासून चालत जाण्याच्या अंतरात आहेत.

दुसरे कारण कातळाचे. सह्याद्रीचा काळा दगड, म्हणजे बसाल्ट, लाव्हाच्या आडव्या थरांनी बनला आहे. घट्ट, एकसंध थर उभा कडा होऊन राहतो. त्याच्या वर-खाली असलेला सच्छिद्र, ठिसूळ थर झिजून तिथे आडवी पट्टी तयार होते. कोरक्यांना ही पट्टी पाय रोवायला सोयीची आणि वरचा घट्ट थर छत म्हणून भरवशाचा. शिवनेरीवर लेणी एका रेषेत का दिसतात, त्याचे कारण हेच.

लेण्यांचे दाते कोण होते?

हा भाग सर्वात रंजक आहे, कारण जुन्नरच्या ब्राह्मी लेखांत राजांपेक्षा नागरिकच जास्त भेटतात. एका लेखात वीरसेनक नावाचा गृहपतिप्रमुख चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले प्रार्थनागृह, दान करतो आणि ते ‘सर्व लोकांच्या हितसुखासाठी’ असल्याचे नोंदवतो. धान्याचे व्यापारी, कासार आणि बुरूड यांच्या श्रेणींचे, म्हणजे व्यावसायिक संघांचे, उल्लेख आहेत. कोणाचिक श्रेणीतला एक उपासक २० निवर्तने (निवर्तन हे जमिनीचे जुने माप) जमिनीचे उत्पन्न करंजाची झाडे लावण्यासाठी आणि ९ निवर्तनांचे वडाच्या झाडांसाठी देतो. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी वृक्षारोपणाची अशी कायम सोय लावून दिलेली वाचली की जुन्नरबद्दलचा आदर वाढतो.

यवन, म्हणजे ग्रीक मानले जाणारे परदेशीही आहेत. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्या, चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला, चंद नावाच्या तिसऱ्याने लेण्याचे दर्शनी काम करून दिले. राजसत्तेचा सर्वात ठळक लेख मानमोडीत आहे: शक राजा महाक्षत्रप नहपान याचा वत्स गोत्री अमात्य अयम याने वर्ष ४६ मध्ये पोढी आणि मंडप दान केला.

यातली ‘पोढी’ म्हणजे कातळात खोदलेले पाण्याचे टाके. दानांच्या यादीत ती पुन्हा पुन्हा येते, यावरून त्या काळी पाण्याला काय किंमत होती ते समजते.

शिवनेरीवर लेणी किती आणि पाहण्यासारखी कोणती?

पन्नासहून अधिक. पूर्व, दक्षिण आणि पश्चिम अशा तिन्ही अंगांना ती विखुरली आहेत. बहुतेक अगदी साधी आहेत: सात-आठ फूट लांबी-रुंदीची खोली, आत निजण्यासाठी कातळातच ठेवलेला ओटा, दाराच्या चौकटीत लाकडी दार बसवण्यासाठी खाचा. जुन्नरच्या लेण्यांत अजिंठ्यासारख्या बुद्धमूर्ती नाहीत. ती त्याआधीच्या काळातली, स्तूपाची पूजा करणाऱ्यांची आहेत. त्यामुळे ‘इथे काहीच नाही’ म्हणून लोक परत फिरतात.

दोन ठिकाणी आवर्जून थांबावे. एक म्हणजे बारा खोल्यांचा विहार (भिक्खूंचे निवासस्थान), ज्याला ‘बारा कोठडी’ म्हणतात. दुसरे म्हणजे सपाट छताचे चैत्यगृह. त्याच्या छतावर रंगकामाचे अवशेष आहेत: चौकोनांत एकात एक काढलेली वर्तुळे, नारिंगी, तपकिरी आणि पांढऱ्या रंगांत. मान वर करून, विजेरीचा झोत तिरपा धरला तर नक्षी उमटते. इथे फ्लॅश मारू नये.

मूळ लेणे कोणते आणि किल्ल्याच्या काळातले खोदकाम कोणते, हे कसे ओळखायचे?

चार गोष्टी पाहाव्यात.

आधी ओटा. भिंतीलगत कातळाचा ओटा असेल तर ती भिक्खूंची खोली. पुढच्या काळात कोठार करताना काही ठिकाणी असे ओटे तोडलेले असतात, तेव्हा जमिनीलगत भिंतीवर त्याची खूण उरते.

मग छिन्नीच्या रेघा. लेणी छतापासून खाली कोरत आणतात, म्हणजे पाड (परांची) बांधावी लागत नाही. भिंत शेवटी तासून गुळगुळीत केलेली असते. किल्ल्याच्या कामातल्या रेघा खोल आणि घाईच्या असतात, एकसारख्या दिशेच्या नसतात.

तिसरी गोष्ट चुना आणि वीट. लेण्याच्या तोंडाशी चुन्यात बांधलेली भिंत दिसली तर ती नंतरची, कोणीतरी जागा बंद करून वापरल्याची.

आणि लेख. ब्राह्मी अक्षरे दिसली तर प्रश्नच मिटतो. ‘देयधम’ (धर्मदान) हा शब्द ओळखायला शिकलात तरी दानलेख चटकन सापडतात, कारण बहुतेक लेखांत तो येतोच. अक्षरांवर खडू फिरवू नका, पाणी ओतू नका, तेल लावू नका. विजेरी भिंतीला जवळजवळ टेकवून एका बाजूने धरली की उथळ अक्षरांची सावली पडते आणि मोबाईलवरही लेख स्वच्छ टिपता येतो.

गडावरचे पाणी कुठून येते?

पावसातून. गडावर नदी नाही, बारमाही ओढा नाही. चार महिने पडलेले पाणी आठ महिने पुरवायचे, हे या डोंगरावर राहणाऱ्या प्रत्येकाचे गणित, मग तो भिक्खू असो वा किल्लेदार.

लेण्यांजवळची पोढी नीट पाहिली तर तिची रचना लक्षात येते. वरचे तोंड लहान आणि चौकोनी, पण आत कातळाखाली पोकळी बरीच रुंद. तोंड लहान ठेवल्याने ऊन कमी लागते, बाष्पीभवन कमी होते, शेवाळ धरत नाही आणि जनावर पडत नाही. पोकळी फार रुंद झाली तर छताला आधार म्हणून मधे कातळाचेच खांब राखतात. गडावरची गंगा आणि जमुना ही टाकी अशीच खांबांची आहेत. जन्मस्थानासमोरचा बदामी तलाव मात्र उघडा आहे आणि त्याचा हिशेब वेगळा: साठा मोठा, पण उन्हाने आटणाराही.

टाके निकामी होते ते बहुधा दोन कारणांनी. वरून वाहून येणारी माती तळाशी बसून साठा घटतो, किंवा तळाच्या कातळाला चीर जाऊन पाणी झिरपते. पहिल्यावर दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस गाळ काढणे हा उपाय. दुसऱ्यावर फारसा इलाज नसतो, म्हणूनच कातळाची पारख कोरण्याआधीच करावी लागे. आता तिसरे कारण आले आहे: प्लास्टिकच्या बाटल्या. त्या तळाशी गाळात रुततात आणि काढायला माणूस आत उतरवावा लागतो.

मग किल्ला म्हणून या डोंगरात काय खास?

वरून पाहिले तर आकार शंकराच्या पिंडीसारखा, दक्षिणेला रुंद आणि उत्तरेकडे निमुळता. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ३५०० फूट, जुन्नर शहरापासून सुमारे हजार फूट. बहुतेक बाजूंना तासलेला कडा, त्यामुळे तट सगळीकडे बांधावा लागला नाही. नैऋत्येकडचा उतार तेवढा चढण्याजोगा आणि म्हणून सातही दरवाजे त्या वाटेवर एकामागे एक रचले. माथ्यावरून नाणेघाटाकडची वाट, चावंड आणि जीवधन हे गड नजरेच्या टप्प्यात येतात. हडसर, चावंड, जीवधन आणि शिवनेरी ही नाणेघाटाच्या वाटेवरची राखणदार मंडळी.

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी पावसाळ्यात दोन महिने जुन्नरला अडकून पडला होता. नगर दगडी बेटावर आहे, ते माणसाने बांधलेले नसून देवाने घडवलेले आहे आणि वर जाणारी वाट इतकी अरुंद की दोघे शेजारून जाऊ शकत नाहीत, असे त्याने लिहून ठेवले. हे वर्णन शिवनेरीचे मानले जाते.

गडाची सत्ता कोणाकडून कोणाकडे गेली?

थोडक्यात: यादव, मग बहमनी. बहमनी राज्य खिळखिळे झाल्यावर मलिक अहमदने १४८५ च्या सुमारास शिवनेरी घेतला आणि जुन्नरहूनच निजामशाहीची सुरुवात केली. अहमदनगर शहर त्यानंतर वसले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख मालोजीराजे भोसल्यांच्या जहागिरीत आला. निजामशाही बुडाल्यावर, १६३७ च्या सुमारास, गड मोगलांकडे गेला. अठराव्या शतकात तो मराठ्यांच्या आणि पेशव्यांच्या ताब्यात आला आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतला.

जिजाऊसाहेबांना बाळंतपणासाठी इथेच का ठेवले?

सुरक्षिततेसाठी, आणि नात्यासाठी. जुलै १६२९ मध्ये जिजाऊंचे वडील लखुजी जाधवराव यांची देवगिरीच्या किल्ल्यात, निजामशहाच्या दरबारात हत्या झाली. शहाजीराजांचा पाय कोणत्याच दरबारात स्थिर नव्हता आणि पुणे परगणा त्याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने जाळला. शिवनेरीचे किल्लेदार विश्वासराव हे भोसल्यांचे व्याही: शहाजीराजांचे थोरले पुत्र संभाजीराजे यांची सोयरीक त्यांच्या घराण्यात झाली होती.

त्यातच १६३० ते १६३२ दख्खनचा भीषण दुष्काळ पडला. गुजरातपासून दख्खनपर्यंत माणसे अन्नपाण्यावाचून मेली. बाळ शिवबाची पहिली दोन वर्षे त्या काळात गेली. जिथे कातळात कोरलेली टाकी होती, त्या गडावर. शिवनेरीचे पाणी किती मोलाचे होते हे सांगायला याहून मोठा दाखला लागत नाही.

जन्मतारखेचा वाद काय होता?

पूर्वी वैशाख शुद्ध २, शके १५४९, म्हणजे एप्रिल १६२७ ही तिथी रूढ होती. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची घटनांची जुनी तिथीवार नोंद, प्रसिद्ध केली. तिच्यात फाल्गुन वद्य ३, शके १५५१ अशी नोंद आहे, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. कवींद्र परमानंदाच्या शिवभारतातूनही याच तिथीला पुष्टी मिळते. महाराष्ट्र शासन १९ फेब्रुवारी हीच तारीख मानते. तिथीने जयंती करणारेही गडावर येतात, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये दोनदा गर्दी होते.

शिवाई देवीचे मंदिर लेण्यात आहे का?

मंदिर कड्याला लागून आहे आणि त्याच्यामागे कातळात सहा-सात लेणी आहेत. जिजाऊंनी शिवाईला नवस केला आणि म्हणून बाळाचे नाव शिवाजी ठेवले, अशी परंपरा आहे. शिपाई दरवाजा ओलांडल्यावर मुख्य वाट सोडून उजवीकडे वळावे. पुष्कळजण सरळ वर निघून जातात आणि उतरताना पाय दुखतात म्हणून मंदिर टाळतात, तेव्हा चढतानाच दर्शन घ्यावे.

बौद्ध लेण्यांच्या शेजारी देवदेवतांचे स्थान पुढे जागते राहिले, हे जुन्नरमध्ये इतरत्रही दिसते. लेण्याद्रीला विहारात अष्टविनायकांतला गिरिजात्मज आहे आणि मानमोडीच्या अंबा-अंबिका समूहात जैन अंबिकेची मूर्ती आहे.

शिवाजी महाराजांना जन्मभूमीचा गड परत घेता आला का?

नाही, आणि ही गोष्ट अनेकांना माहीत नसते. १६५७ मध्ये महाराजांनी जुन्नरच्या पेठेवर छापा घालून २०० घोडे आणि ३ लाख होन मिळवले, पण गड मोगलांकडेच राहिला. पुढे १६७० च्या दशकात गड घेण्याचे प्रयत्न झाले. ते किल्लेदार अब्दुल अझीझखानाने निष्फळ केले. त्याच दशकात आलेला इंग्रज वैद्य जॉन फ्रायर लिहितो की गडावर हजार कुटुंबांना सात वर्षे पुरेल एवढी शिधासामग्री होती. आकडा ऐकीव असेल, पण अंबरखान्याचा आवाका आणि टाक्यांची संख्या पाहिली की वेढा घालून हा गड का दमवता येत नव्हता, हे समजते.

वर काय काय, कोणत्या क्रमाने पाहावे?

शेवटचा दरवाजा ओलांडताच समोर अंबरखाना. तिथून दोन वाटा फुटतात. एक टेकाडावर इदगाह आणि कोळी चौथऱ्याकडे जाते. १६५० च्या सुमारास मोगलांविरुद्ध उठलेल्या कोळ्यांच्या शिरच्छेदाची आठवण या चौथऱ्याशी जोडलेली आहे. दुसरी वाट गंगा-जमुना टाक्यांवरून शिवकुंजाकडे, म्हणजे जिजाऊ आणि बाल शिवाजींच्या स्मारकाकडे. समोर कमानी मशीद, तिच्याखाली पाण्याचे टाके: जुने पाणी आणि नवी इमारत यांची सांगड इथे एका नजरेत दिसते. पुढे हमामखाना, जन्मस्थानाची दुमजली वास्तू, बदामी तलाव आणि टोकाला कडेलोटाचा कडा.

सात दरवाजांची नावे मात्र फलकाफलकावर आणि पुस्तकापुस्तकात बदलतात. महादरवाजा, पीर, परवानगीचा, हत्ती, शिपाई, फाटक आणि कुलाबकर हा एक रूढ क्रम. नावांवरून वाद घालण्यापेक्षा प्रत्येक दरवाजापाशी वाट कशी वळते आणि आत शिरणारा वरच्या बुरुजाच्या माऱ्यात कसा येतो, ते पाहणे जास्त उपयोगाचे.

जायचे कसे?

पुण्याहून नारायणगावमार्गे जुन्नर सुमारे ९५ किलोमीटर. मुंबई-कल्याणकडून माळशेज घाटाने. गाडीरस्ता पहिल्या दरवाजाच्या जवळपास जातो आणि तिथून पायऱ्यांनी, दर्शन घेत, माथ्यावर पोचायला पाऊण ते एक तास.

दुसरी साखळीची वाट. जुन्नरमधल्या शिवपुतळ्यापासून डावीकडच्या रस्त्याने साधारण एक किलोमीटर गेल्यावर उजवीकडे मंदिर लागते, त्याच्यासमोरून पायवाट कड्याशी जाते. कातळातल्या पायऱ्या आणि साखळी यांच्या आधाराने चढायचे. वाटेत लेणी लागतात, म्हणून अभ्यासकांना ही वाट प्रिय. पण पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरते. लहान मुले, वयस्कर माणसे किंवा ज्यांना उंचीचे भय आहे त्यांनी जून ते ऑक्टोबर इकडे फिरकूच नये, आणि उरलेल्या दिवसांतही चढण्याआधी वाट खुली आहे का याची खाली चौकशी करावी.

आग्या मोहोळाचा धोका खरा आहे का?

खरा आहे. कड्याच्या कपारींत मोठी पोळी असतात आणि गडावर माश्या उठून लोक जखमी झाल्याच्या घटना घडल्या आहेत. धूर, फटाके, उग्र अत्तर, दगड मारणे आणि आरडाओरड या कारणांनी माशी उठते. शिवजयंतीला मशाली नेणाऱ्यांनी लेण्यांच्या कड्यालगत थांबू नये. माश्या उठल्याच तर हात झाडू नका. तोंड आणि मान कापडाने झाकून, वाट सुरक्षित असेल त्या दिशेने लांब जा. पाण्यात उडी मारणे टाक्यांच्या बाबतीत जिवावर बेतू शकते, कारण आतून वर यायला धर नसतो.

गड संरक्षित आहे का? काय केल्यास गुन्हा होतो?

शिवनेरी २६ मे १९०९ पासून राष्ट्रीय संरक्षित स्मारक आहे आणि ११ जुलै २०२५ रोजी ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या १२ किल्ल्यांच्या मालिकेत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्याची नोंद झाली. त्या मालिकेतले ११ किल्ले महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास कायद्याने २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. लेण्याच्या भिंतीवर नाव कोरणे, ऑइलपेंटने घोषणा लिहिणे, खोल्यांत चूल पेटवणे हे सारे त्यात येते. चुलीचा काजळीचा थर छतावरच्या रंगकामाचा सर्वात मोठा शत्रू आहे, कारण तो पुसायला गेले की खालचा रंगही निघतो. ड्रोन उडवण्यासाठी आधी परवानगी घ्यावी लागते.

लेणी आणि गड एका दिवसात होतात का?

सकाळी सातला पायथ्याशी असाल तर होतात. पूर्वेकडची लेणी सकाळच्या उन्हात पाहावीत, तेव्हा प्रकाश थेट आत जातो. दुपारनंतर तिथे अंधारते. माथा दुपारपर्यंत उरकून उतरावे. लेण्याद्री त्याच दिवशी जोडण्याचा मोह होतो, पण तिथल्या पायऱ्या तीनशेच्या आसपास आहेत आणि दोन्ही ठिकाणे घाईत पाहिली जातात. जुन्नरला मुक्काम करून दुसरा दिवस लेण्याद्री आणि मानमोडीला द्यावा. सोबत प्रत्येकी किमान २ लिटर पाणी, विजेरी, टोपी आणि रिकाम्या बाटल्या परत आणायला एक पिशवी ठेवावी.